आईला सापडतील असे कागद : घरच्या कागदपत्रांच्या नोंदी

रविवार, २ नोव्हेंबर २०२५, सातारा

दिवाळीच्या आधी बाबांना न्यूमोनिया झाला आणि चार दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. आता ते घरी आहेत, जेवण बरं जातंय. पण त्या पहिल्या रात्रीची आई माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. काउंटरवरचा मुलगा मेडिक्लेमचं कार्ड मागतोय आणि ती पिशवीत हात घालून नुसती उभी आहे. कार्ड कुठे ठेवलंय ते एकट्या बाबांना माहीत, आणि बाबांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. कॅशलेस हुकलं. पैसे मी भरले.

अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात आईला स्वयंपाकघरातला प्रत्येक डबा अंधारातही सापडतो. घरचा एकही कागद मात्र सापडत नाही, कारण ते काम कायम बाबांचं. तर आता पुण्याहून दर रविवारी यायचं आणि हे काम तडीस न्यायचं. कसोटी एकच ठेवली आहे: बाबांना न विचारता आईला हवा तो कागद काढता आला पाहिजे.

आज फक्त सगळं बाहेर काढलं. गोदरेजच्या कपाटाचा आतला कप्पा, माळ्यावरची पत्र्याची ट्रंक, देवघराखालचा ड्रॉवर, शिवणयंत्राचा खण आणि दारामागे अडकवलेली साडीच्या दुकानाची पिशवी, इतक्या ठिकाणांहून. हॉलमध्ये सतरंजी अंथरली आणि ढीग लावले: पैसे येणारे, पैसे जाणारे, मालकीचे, ओळखीचे, आणि पाचवा 'बाबांना विचारायचं'. संध्याकाळी पाचवाच सगळ्यात उंच होता. बाबांची अट मला मान्य आहे: त्यांना दाखवल्याशिवाय एक चिठ्ठीही टाकायची नाही. एसटीच्या हिशेब शाखेत जन्म काढलेला माणूस आहे, आणि यातला प्रत्येक कागद त्यांनी जपायचा म्हणूनच जपलाय.

१९९१ सालच्या एका ठेव पावतीची टाचणी गंजून कागदात रुतली होती. ओढली असती तर खाते क्रमांकावरच भोक पडलं असतं. आईने भुवयांचा चिमटा आणला, टाचणीच्या दोन्ही बाजूंनी कागद किंचित वाकवला आणि उकडलेल्या अळूवडीच्या उंड्यावरून दोरा सोडवावा तशी ती अलगद काढली. मागे तपकिरी डाग राहिला, पण आकडे वाचता येतात. दिवसभरात वाटीभर टाचण्या निघाल्या. पुढे लोखंडी काही लावायचं नाही, प्लास्टिकच्या पारदर्शक खिशांत सुटे कागद ठेवायचे.

रविवार, ९ नोव्हेंबर

आधी मेडिक्लेमचा दावा. आमच्या पॉलिसीत कागद पोचवायला डिस्चार्जपासून तीस दिवस आहेत, म्हणजे १६ तारीख. डिस्चार्ज समरी, मूळ बिलं, पैसे भरल्याच्या पावत्या, तपासण्यांचे रिपोर्ट, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, रद्द केलेला चेक. औषधांच्या दुकानाची काही बिलं त्या चकचकीत गुळगुळीत कागदावर असतात. तीन आठवड्यांतच त्यांची शाई उडायला लागली होती. असा कागद हातात आला की त्याच दिवशी झेरॉक्स काढायची, हे वहीत लिहिलं. सगळ्याचा एक संच घरी ठेवून मूळ कागद उद्या पोचते होतील.

मग रद्दी. विजेची बिलं १९९३पासूनची होती, वरती 'महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ' छापलेली. मंडळाचे तुकडे होऊन महावितरण झालं तेच २००५ साली. गेल्या दोन वर्षांची ठेवली, बाकीची काढली. बाबा प्रत्येक गठ्ठा हातात घ्यायचे, वरचं बिल वाचायचे आणि मगच माझ्याकडे द्यायचे. घाई केली नाही.

वरची खोली २००६ साली बांधली तेव्हाच्या सिमेंट, सळई, गवंडी यांच्या पावत्या मी रद्दीत टाकणार होते. बाबांनी थांबवलं, आणि त्यांचंच बरोबर होतं. घर कधी विकायची वेळ आली तर नफा काढताना २००१नंतर केलेल्या बांधकामाचा खर्च धरता येतो, पण पुरावा लागतो. त्या पावत्या आता खरेदीखत, इंडेक्स दोन (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) आणि प्रॉपर्टी कार्डाच्या शेजारी 'मालकीचे' मध्ये आहेत.

खरेदीखताच्या घडीत कसर निघाली, चंदेरी, चपळ. कडा कुरतडल्यात, मजकूर शाबूत आहे. लॅमिनेशन करू नका असं शेजारच्या वकीलकाकांनी बजावलं. गरम प्लास्टिक एकदा चिकटलं की मूळ कागद कधीच मोकळा होत नाही आणि शिक्के नीट तपासता येत नाहीत. ऊन दाखवून, कोरडं करून खिशात घातलं.

अकरा किलो रद्दी गेली. खातेक्रमांक असलेले कागद आधी फाडले.

रविवार, १६ नोव्हेंबर

ठेवींची यादी. नऊ पावत्या, चार ठिकाणी: एक राष्ट्रीयीकृत बँक, एक सहकारी बँक, पोस्ट आणि एक पतसंस्था.

यादी हाताने लिहिली तेव्हाच तीन गोष्टी दिसल्या. सुट्या पावत्यांत त्या कधीच दिसल्या नसत्या.

सहकारी बँकेतल्या तीन पावत्या व्याजासकट पाच लाखांच्या वर जातात. ठेव विम्याचं संरक्षण एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाखांपर्यंतच असतं. २०२०च्या फेब्रुवारीपर्यंत ते एकच लाख होतं. शाखा वेगळ्या असल्या तरी बँक एक म्हणजे मर्यादा एक. जी पावती आधी पिकेल ती तिथून हलवायची.

दुसरी गोष्ट बोलायला अवघड गेली. पतसंस्था ही बँक नव्हे, तिथल्या ठेवीला हा विमा लागूच नाही. बाबा थोडा वेळ गप्प बसले. तिथला व्याजदर दीड टक्क्याने जास्त आहे, आणि त्याहून मोठं म्हणजे तिथली माणसं त्यांच्या ओळखीची, लग्नाकार्यात भेटणारी आहेत. त्या संस्थेबद्दल मला काहीच वाईट म्हणायचं नाही. मी इतकंच विचारलं, "बाबा, तुम्ही नसताना आईला तिथे जाऊन पैसे मागावे लागले, तर ते तिला सोपं जाईल का?" त्यांनी चष्मा पुसला आणि यादीत त्या दोन पावत्यांपुढे स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'मुदत संपल्यावर काढणे'.

तिसरी गोष्ट म्हणजे नऊपैकी सात पावत्या एकट्या बाबांच्या नावावर आहेत.

सोमवार, १७ नोव्हेंबर (रजा टाकली)

सकाळी हयातीचा दाखला. पीएफच्या पेन्शनला दाखला दिल्यापासून एक वर्ष चालतो. बाबांचा शुक्रवारी संपत होता. बोटांचे ठसे आता उमटत नाहीत, गेल्या वर्षी त्यापायी दोन खेपा झाल्या होत्या. या वेळी मोबाइलवर चेहरा दाखवून केला. घरात उजेड कमी पडत होता, ओट्यावर खुर्ची टाकली आणि दुसऱ्या प्रयत्नात झाला. वहीत तारीख टाकली: पुढचा १७ नोव्हेंबर २०२६च्या आत.

मग बँक. या महिन्याच्या १ तारखेपासून बँकेच्या खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात, एकदम टक्केवारीने किंवा एकामागून एक. आम्ही एकामागून एक असं केलं: आधी आई, मग दादा, मग मी. बचत खातं दोघांचं केलं, 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो' या पद्धतीने. ठेवी जसजशा पिकतील तसतशा जोडनावावर घ्यायच्या. घरातली माणसं नॉमिनी आहे म्हणून निर्धास्त असतात, पण नॉमिनी माणूस गेल्यावर कामाला येतो. माणूस दवाखान्यात असताना कामाला येतं ते जोडखातं.

रविवार, २३ नोव्हेंबर

आजचा दिवस आईच्या नावाचा.

तिच्या नावाची मी मोजलेली रूपं सहा. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचं नाव. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेलं सासरचं नाव रेशनकार्डावर आणि आधारवर, पण आधारवर बाबांचं नाव पूर्ण आणि रेशनकार्डावर नुसतं आद्याक्षर. एका ठेवीवर नॉमिनी म्हणून नावाच्या आधी 'सौ.' टाइप झालंय, तेही नावाचाच भाग असल्यासारखं. पॅनकार्डावर इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. आणि सहावं कोरेगाव तालुक्यातल्या तिच्या माहेरच्या सातबाऱ्यावर: माहेरचं नाव, त्यापुढे 'बाई', मग सासरचं आडनाव.

जन्मतारीख सगळीकडे १ जून १९५४. ती खरी नाही. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिली तशीच पुढे चालत आली. तिच्या पिढीतल्या कितीतरी जणांचा वाढदिवस असाच १ जूनला येतो. आई म्हणते ती आषाढातली आहे. पण सगळ्या कागदांवर एकच तारीख असणं हेच कामाचं, म्हणून तिला हात लावला नाही.

नावाचं तसं नाही. दावा मंजूर करणारा माणूस आईला ओळखत नसणार, तो अक्षराला अक्षर जुळवून बघणार. म्हणून आधारवरचं नाव प्रमाण मानायचं आणि बाकी सगळं त्याच्याशी जुळवायचं ठरलं. नॉमिनीचे फॉर्म नव्याने भरले, 'सौ.' काढलं. पॅन दुरुस्तीचा अर्ज केला. लग्न १९७७चं, नोंदणी तेव्हा कोणी केलीच नव्हती. ती आता नगरपालिकेत करून घेणार. माहेरचं आणि सासरचं नाव एकाच बाईचं आहे हे सांगणारा तो धागा ठरेल. वकीलकाका म्हणाले, लागलंच तर राजपत्रात नाव बदलाची नोंद करता येते.

सातबाऱ्याची डिजिटल सहीची प्रत पंधरा रुपयांत मोबाइलवर काढली. आजोबा गेल्यावर मामांनी वारसनोंद करताना बहिणींची नावं लावली होती. आईला ते अंधुक आठवत होतं, कागद तिने कधी पाहिला नव्हता. झेरॉक्स हातात घेऊन ती बराच वेळ आपल्या नावावरून बोट फिरवत होती. "हे नाव मला हाक मारणारं आता कोणी उरलं नाही," म्हणाली. जमिनीचं काय करायचं ते ती ठरवेल, घाई नाही. कागद तिच्या खिशात गेला, बाबांच्या नाही.

रविवार, ३० नोव्हेंबर

आयुर्विमा. एलआयसीचे पाच बॉण्ड, म्हणजे पॉलिसीचे मूळ कागद, निघाले. चारांचे पैसे वेळेवर आलेत, पासबुकात नोंदी सापडल्या. पाचवा १९९४चा, पन्नास हजारांचा, पंचवीस वर्षांचा.

याचा हप्ता बाबांच्या पगारातून कापला जायचा. २००७ साली ते निवृत्त झाले आणि कपात थांबली. पॉलिसी बंद पडली, पैसे बुडाले, असं त्यांनी धरलं. मधे घर बदललं होतं, नवा पत्ता कळवायचा राहिला, त्यामुळे कोणतंही पत्र आलं नाही. पण तेरा वर्षं हप्ते भरलेली पॉलिसी बुडत नाही. ती 'पेड-अप' होते: पंचवीस वर्षांच्या हप्त्यांपैकी तेरा वर्षांचे भरले म्हणून विम्याच्या रकमेचा तेवढा हिस्सा, म्हणजे सव्वीस हजार, शिवाय तोपर्यंत जमा झालेला बोनस. मुदत २०१९मध्ये संपली, पैसे शाखेत पडून आहेत. दहा वर्षं कोणी मागितले नसते तर ते ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत गेले असते. तिथूनही मिळतात, पण एक फेरा वाढतो.

बॉण्ड, डिस्चार्ज फॉर्म, आधार, पॅन, खात्याचा तपशील आणि नवा पत्ता असं सगळं तयार ठेवलंय. बुधवारी बाबा स्वतः जाणार आहेत, त्यांना ते स्वतः करायचंय.

रिझर्व्ह बँकेच्या उद्गम पोर्टलवर दोघांची नावं टाकून पाहिली. ज्या ठेवींना दहा वर्षं कोणी हात लावला नाही त्या तिथे दिसतात. बाबांच्या कऱ्हाडच्या नोकरीच्या काळातलं एक बचत खातं निघालं. रक्कम मोठी नसणार. तरी जायचं.

रविवार, ७ डिसेंबर

दाव्याचे पैसे जमा झाले. बिल ६८,४०० रुपये, मिळाले ५२,५००. कपातीचा कागद घेऊन बाबा आणि मी तासभर बसलो, कारण हे गणित बहुतेक घरांत कळतच नाही.

पॉलिसी तीन लाखांची, जुनी. तिच्यात खोलीचं भाडं विम्याच्या रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला तीन हजारांपर्यंतच. आम्ही घेतलेली खोली साडेचार हजारांची. चार दिवसांच्या भाड्यात सहा हजार कमी झाले, हे सरळ आहे. पण तेवढ्यावर थांबत नाही. हक्काची खोली घेतलेल्या खोलीच्या दोन तृतीयांश भाड्याची होती, म्हणून डॉक्टरांच्या भेटी आणि नर्सिंगचे जे चोवीस हजार होते तेही दोन तृतीयांशच धरले गेले. तिथे आणखी आठ हजार गेले. औषधं आणि तपासण्यांना हे प्रमाण लावलं नाही. हातमोजे वगैरेचे एकोणीसशे तसेही मिळत नाहीत. एकूण १५,९००.

त्या रात्री कोणी "तीन हजारांच्या आतली खोली द्या" एवढं म्हटलं असतं तर त्यातले चौदा हजार वाचले असते. हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिलंय.

पॉलिसी बदलावी का? दुसऱ्या कंपनीत न्यायची तर नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी अर्ज करावा लागतो. आमचं नूतनीकरण २८ जानेवारीला, म्हणजे पुढच्या रविवारपर्यंत. दादाशी फोनवर बोलून ठरवलं की नाही. बाबा ७६चे, नुकताच न्यूमोनिया झालेला. नवी कंपनी नाकारू शकते. ही पॉलिसी सलग अकरा वर्षं चालू आहे. साठ महिने सलग झाले की जुना आजार लपवला असं म्हणून दावा फेटाळता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच. ती वर्षं ही मिळकत आहे. पॉलिसी रीतसर दुसरीकडे नेली तर ती सोबत येतात, पण मधे खंड पडू द्यायचा नाही. गेल्या वर्षीच्या पावतीवर १८ टक्के जीएसटी वेगळा आहे. वैयक्तिक पॉलिसीवर तो २२ सप्टेंबरपासून शून्य झालाय, तेवढा हप्ता हलका होईल.

सोबतीला सत्तरीच्या पुढच्यांसाठीचं आयुष्मान वय वंदना कार्ड दोघांचं काढलं. उत्पन्नाची अट नाही, खाजगी मेडिक्लेम असला तरी चालतो, घरातल्या सत्तरीपुढच्यांना मिळून वर्षाला पाच लाख. साताऱ्यात आपल्या जवळची कोणती रुग्णालयं त्यात आहेत त्यांची नावं आईने स्वतः वहीत उतरवून घेतली.

रविवार, १४ डिसेंबर

मृत्युपत्र. हा विषय मी काढणार नव्हते, बाबांनीच काढला. "नॉमिनी लावलेत ना, मग पुरे की," असं आधी म्हणाले होते. पण नॉमिनी म्हणजे पैसे ताब्यात घेणारा. मालक ठरतो मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३मध्ये पुन्हा तेच सांगितलंय.

स्टॅम्पपेपर लागत नाही. साध्या कागदावर, स्वतःच्या अक्षरात, दीड पान. घर आईला, तिच्यानंतर दादाला आणि मला निम्मं निम्मं. डॉक्टर आणि वकीलकाका साक्षीला बसले, दोघांसमोर बाबांनी सही केली, मग त्यांनी केल्या. नोंदणी सक्तीची नाही, तरी जानेवारीत दुय्यम निबंधकांकडे करून घेऊ. सही झाल्यावर बाबांनी पेनाला टोपण लावलं आणि आईला चहा टाकायला सांगितलं. नेहमीच्याच आवाजात.

रविवार, २१ डिसेंबर, पुणे

आज माझे स्वतःचे कागद. माझ्या दोन खात्यांतून जीवन ज्योती या सरकारी आयुर्विम्याचे ४३६ आणि अपघाताच्या सुरक्षा विम्याचे २० रुपये कापले जातायत, दोन्हीकडून. विमा एकाच खात्यावर मिळतो. दुसरीकडचं बंद करायचा अर्ज दिला. पीपीएफमध्ये तीन वर्षं काहीच भरलं नव्हतं. खातं चालू करायला वर्षाला पाचशे आणि पन्नास दंड, म्हणजे १,६५०, शिवाय या वर्षीचे.

माझ्या टर्म पॉलिसीची नॉमिनी अजून आई आहे, लग्नाआधी लावलेली. बदलली.

रविवार, ४ जानेवारी २०२६, सातारा

वही पूर्ण. दोनशे पानी, लाल बाइंडिंगची, मोठ्या अक्षरात. प्रत्येक पानावर एक गोष्ट: काय आहे, कुठे आहे, कोणाला फोन करायचा, पुढची तारीख. फायली पाच, रंगावरून. पासवर्ड वहीत नाहीत. ते बंद पाकिटात, कपाटाच्या आतल्या कप्प्यात. स्कॅन दादाकडे आणि माझ्याकडे.

मग परीक्षा घेतली. बाबांना अंगणात बसवलं. आईला म्हटलं, मेडिक्लेमचं कार्ड. निळी फाइल, पहिला खिसा, अर्धं मिनिटही लागलं नाही. पोस्टाची पावती, सापडली. घरपट्टीची शेवटची पावती हिरवीत शोधत राहिली, ती पिवळीत होती. तिचं म्हणणं, घराचं सगळं एकत्र हवं. तिचंच बरोबर. पावती हिरवीत हलवली आणि वहीतलं पान बदललं.

जेवण झाल्यावर ती आत गेली आणि बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा घेऊन आली. आत महिला बचत गटाचं पासबुक, बावीस वर्षांचं, आणि धाकट्या मावशीला दिलेल्या पंधरा हजारांची चिठ्ठी, मावशीच्या सहीची. या घरातला हा एकमेव डबा आम्ही कोणी उघडला नव्हता. बाबांनी पासबुक हातात घेतलं, पानं उलटली आणि शेवटची शिल्लक दोनदा वाचली. "तारखा व्यवस्थित आहेत," म्हणाले. हिशेब शाखेतला माणूस यापेक्षा जास्त कौतुक करत नाही.

वहीचं पान २७ आईने स्वतः लिहिलं. नॉमिनीच्या रकान्यात गटाने काही लिहिलेलंच नव्हतं. मंगळवारच्या बैठकीत ती विचारणार आहे.

राहिलेलं: कऱ्हाडचं खातं. लग्नाची नोंदणी, दोघांचे फोटो काढून झाले. मृत्युपत्राची नोंदणी. २८ जानेवारीचा मेडिक्लेमचा हप्ता. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, ठेवींच्या व्याजातून कर कापू नये म्हणून द्यायचे दोघांचे फॉर्म.